दोन हात दोर

"या दोघांत हुशार कोण म्हणाल तुम्ही? माशी की पाखरू?"

टिपणीसबाई आक्काच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर वही. पानाच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला त्यांनी लिहिलं होतं 'आग्या माशी' आणि दुसऱ्या बाजूला 'भृंगराज'. पुण्याहून एवढी शिकलेली बाई टेपचं धूड घेऊन आमच्या डोंगरात येते आणि माशीची पाखराशी तुलना करते, याचं गावाला आठ दिवस हसू येत होतं. मला मात्र त्यांचं फार अप्रूप होतं. मी तेव्हा बावीस वर्षांचा, डी.एड. झालेला आणि नेमणुकीची वाट बघणारा, म्हणजे थोडक्यात रिकामटेकडा.

"माशी," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. ते कोयत्याला धार लावत होते. मान वर न करताच बोलले.

"का बरं?"

"तिला शिकवाया लागत न्हाय. जल्मली का तिला ठावं असतं. फूल कुठं, घर कुठं, चावायचं कुनाला. आन बाई, माशीला खोटं येत न्हाय. चिडली का पोळ्यावर लाट उठवती. म्हंजी सांगती, बाबा, लांब हो. न्हाय झालास तर मंग चावती."

बाईंनी भराभर लिहून घेतलं. माशीची बाजू अशी भरत चाललेली बघून मला राहवेना.

"पण पाखरू शिकतं ना बाई," मी म्हणालो. "आम्ही त्याला नकल्या म्हणतो. काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा. शिक्र्याची आरोळी काढतो, मांजर काढतो. आमच्या लुमाकाकाचा खोकलासुद्धा काढतो. दोराची शीळ तर मीच शिकवली त्याला, गुरं राखायला जायचो तेव्हा."

"दोराची शीळ म्हणजे?"

मग मी समजावून सांगितलं. आमच्याकडे कड्यावरचं आग्याचं पोळं काढायचं तर माणूस वरून दोराने उतरतो. वरच्याला खालचा दिसत नाही आणि ओरडायची सोय नाही, कारण माणसाचा आवाज आग्याला खपत नाही. म्हणून शिळा ठरलेल्या. एक शीळ म्हणजे दोर सोड. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे वर घे.

"आणि दोर कोण धरतं?"

"बायकोचा भाऊ," दाजी म्हणाले. "दुसरा कोनी न्हाय. मपला सख्खा भाऊ वाटनीपायी दोर सोडंल. मेव्हना सोडायचा न्हाय. बहिनीचं कुकू कोन पुसंल सोताच्या हातानं?"

बाईंनी तेही लिहून घेतलं. मी ओट्यावरूनच दोन बोटं तोंडात घालून एक शीळ घातली. क्षणभरात बांधावरच्या हिरड्यातून तशीच शीळ आली. बाई ताडकन उठल्या, टेप चालू केला आणि मला पुन्हा पुन्हा शीळ घालायला लावली. नकल्याही रंगात आला.

"हुबेहूब!" बाई म्हणाल्या.

"हुबेहूब नाही बाई. शेवटाला बघा, जीभ टाळ्याला आपटल्यासारखं 'चट' करतो. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. मला झोपेतसुद्धा ओळखू येईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मी फुशारकीत होतो.

"गंमत आहे," बाई पेन्सिल चावत म्हणाल्या. "जो शिकतो तोच चुकतो. माशीला चुकायची सोयच नाही."

आक्का दारात तांदूळ पाखडत होती. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. तिने एकदम विचारलं, "बाई, माशी कडा बदलती का वो?"

"नाही. फुलोरा संपला की ती निघून जाते, पण पुढल्या वर्षी त्याच कड्यावर येते. जुन्यांतली बहुधा एकही तोवर जिवंत नसते, तरी येते."

"बगा," आक्का म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. सूप उचलून ती आत गेली. दाजींनी कोयता जास्तच जोरात घासायला घेतला.

पोळं काढायचं ते अंधारात, अशी आमची रीत. रात्री माशी उडत नाही. पण बाईंना दिवसा हवं होतं. त्यांना फोटो घ्यायचे होते, माशीचा आवाज टेप करायचा होता. त्यांनी तोंडावर घालायचे जाळीचे दोन टोपही आणले होते. दाजी अजिबात तयार नव्हते. मीच गळ घातली. बाईंच्या एवढ्या ओळखी, कुठे तरी माझ्यासाठी शब्द टाकतील, असं माझं गणित होतं. दाजी आढेवेढे घेऊन शेवटी हो म्हणाले. रात्री पोळी काढणाऱ्यांना पाखरांचा विचार कधी करावाच लागला नव्हता, कारण रात्री पाखरं झोपलेली असतात. दिवसा ती जागी असतील, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कड्यावर गेलो. दाजी, मी, दाजींचे चुलते लुमाकाका आणि बाई. बाईंनी टेप जांभळीखाली ठेवला आणि लांब वायरीचा माईक कड्याच्या तोंडाशी नेऊन दगडाखाली दाबला. लुमाकाका धुराची पेंडी वळत बसले. मी जांभळीच्या खोडाला दोराचे दोन वेढे दिले. दाजी कमरेला गाठ मारत माझ्याजवळ आले.

"बुधा, एक सांगायचं व्हतं."

"बोला की."

"आखाड लागायच्या आत दुसरी आनायची म्हनती आई. घाटाखालची पोरगी हाय. म्या बगून आलो."

मला आधी काही समजलंच नाही. दुसरी काय? मग समजलं.

"आक्काला माहीत आहे?"

"परवा सांगितलं. ती काय बोलली न्हाय."

"काय बोलेल ती?"

"चौदा वर्सं झाली, बुधा. पाळना हालला न्हाय. म्या तिला टाकनार न्हाय. ऱ्हाईल की घरात."

"सवतीबरोबर? कशी राहील?"

"ऱ्हात्यात बाया," दाजी म्हणाले.

दाजी वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. आक्कावर त्यांनी कधी हात उगारला नाही. माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत दर महिन्याला नाचणीची गोणी डोक्यावर घेऊन तालुक्याला, अकोल्याला येत होते. म्हणून तर तो शब्द मला जास्त लागला. ऱ्हात्यात बाया. जसं काही आक्का म्हणजे गोठ्यातली गाय, दावं बदललं की झालं.

"हे आत्ता सांगायचं होतं का तुम्हाला? इथे?"

"मंग कव्हा? चोरून करू? म्या माशीवानी तोंडावर सांगतो." त्यांनी टोप डोक्यात घातला, गाठ ओढून बघितली आणि दोर माझ्या हातात दिला. "धर."

आणि ते कड्याखाली उतरले.

एक शीळ. मी दोर सोडला. पुन्हा एक. पुन्हा सोडला. दोर हाताहाताने मोजायची मला सवय होती. दहा हात, पंधरा, वीस. खालून धुराचा वास आला. बावीस हात झाले आणि दोन शिळा आल्या. थांब. म्हणजे दाजी पोळ्याशी पोहोचले. मी वेढा आवळून पाय रोवले. लुमाकाका माझ्या मागे शेपटाचा, म्हणजे उरलेला, दोर धरून उकिडवे बसले होते. बाई टेपवर वाकल्या होत्या.

माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आक्का बारा वर्षांची असताना आई गेली. मला तिनेच वाढवलं. तिच्या लग्नात मी तिच्या पदराला धरून रडलो होतो आणि हेच दाजी मला खांद्यावर घेऊन गावभर फिरले होते. आता त्या घरात दुसरी येणार, तिला पोर होणार आणि आक्का ते पोर खेळवणार, दुसरीचं बाळंतपण करणार. आणि मी, तिचा भाऊ, तिच्याच नवऱ्याचा जीव सांभाळत इथे उभा.

शीळ आली. एक.

मी वेढा सैल केला.

दोर सरसरत गेला. खालून "ए!" असा आवाज आला, आणि माणसाचा आवाज कड्यावर कधीच येऊ द्यायचा नसतो. मी वेढा आवळला तेव्हा दोराला असा हिसका बसला की मी गुडघ्यावर आपटलो. मग तो दुसरा आवाज सुरू झाला. ज्याने तो एकदा ऐकला त्याला तो विसरता येत नाही. आधी घुमल्यासारखा, मग अख्खा डोंगर घुमतोय असा.

"आग्या उठला रं!" लुमाकाका ओरडले आणि शेपटाचा दोर टाकून पळाले. बाईंनी घोंगडी अंगावर ओढून घेतली आणि टेपवरच पालथ्या पडल्या.

पहिली माशी मला कपाळावर डसली, दुसरी पापणीवर. दुसरा टोप बाईंच्या डोक्यावर होता, माझं तोंड उघडं. मग मोजायला वेळच नव्हता. खालून तीन शिळा आल्या, फुटक्या, अर्धवट. वर घे. मी ओढायला लागलो. दाजी कड्यात पाय रोवून चढत होते आणि मी मिळेल तेवढा दोर खोडाला आवळत होतो. हातावर माश्यांचा थर बसला होता. हात झटकायचा तर दोर सुटतो, म्हणून मी हात झटकला नाही. मी रडत होतो आणि ओरडत होतो, "या दाजी, या, या!" त्या वेळी मला दाजी वर यायला हवे होते. इतकं मला आयुष्यात कधीच काही हवं नव्हतं.

ते वर आले तेव्हा टोप फाटून गळ्यात लोंबत होता आणि चेहरा ओळखू येत नव्हता. आम्ही तिघे करवंदीच्या जाळीतून खरडत, घसरत खाली आलो. बाईंची जीप होती म्हणून दाजी राजूरच्या दवाखान्यात जिवंत पोहोचले. डॉक्टरांनी दाजींच्या अंगातून दोनशेच्या वर काटे काढले. माझ्या अंगातून सत्तर.

गावभर एकच गोष्ट झाली. नकल्याने दगा दिला. दिवसा पोळं काढलं, पाखराने शीळ घातली, मेव्हणा फसला. पण आग्या अंगावर आला तरी पठ्ठ्याने दोर सोडला नाही! लुमाकाका स्वतःचं पळणं झाकायला माझी कीर्ती जरा जास्तच वाढवून सांगत होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात आक्काने माझे सुजलेले दोन्ही हात स्वतःच्या डोळ्यांना लावले.

"माझं कुकू राखलंस, बुधा."

मला तिथेच मरून जावंसं वाटलं.

नवव्या दिवशी दाजी घरी होते. एक डोळा उघडला होता, दुसरा अजून बंद. टिपणीसबाई पुण्याला परतण्याआधी भेटायला आल्या. सोबत टेप.

"दाजी, त्या दिवशीची टेप शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "मी अजून ऐकलेली नाही. धीर झाला नाही. पण तुमची हरकत नसेल तर आपण ऐकावी. नेमकं काय झालं ते कळेल."

"कशाला उगीच," मी म्हणालो. "त्यांना त्रास होईल."

"लावा," दाजी म्हणाले.

आक्का चुलीपाशी होती. ओट्यावर आम्ही तिघेच. टेप फिरू लागला. वारा. माश्यांची संथ गुणगुण. दाजींची एक शीळ, पुन्हा एक. मग दोन. थांब. त्यानंतर बराच वेळ नुसती गुणगुण.

मग ती शीळ आली. आणि तिच्या शेवटाला, अगदी स्वच्छ, 'चट'.

बाईंनी टेप थांबवला. मागे नेऊन पुन्हा लावला. पुन्हा 'चट'. त्यांनी हळूहळू मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. कड्यावर जाण्याआधी याच ओट्यावर मी काय बढाई मारली होती ती त्यांच्या वहीत होती. टेपवरही होती.

"बुधाजी," त्या म्हणाल्या, "ही शीळ पक्ष्याची आहे. तुम्हाला तर..."

मला ओळखू आली होती. ज्या क्षणी आली त्याच क्षणी. वारा आड आला नव्हता, घाई नव्हती, काही नव्हतं. मी ती शीळ ऐकली, ती नकल्याची आहे हे मला समजलं, आणि दोर सोडायला मला एक निमित्त मिळालं. मारायचं नव्हतं, नुसता धसका द्यायचा होता, असं मी पुढे स्वतःला हजारदा सांगितलं. त्यातलं किती खरं आहे ते माझं मलाही माहीत नाही.

बाईंची नजर हटेना.

"त्याला काय वळखू येतंय," दाजी म्हणाले.

"पण ते स्वतःच म्हणाले होते..."

"बढाई वो बाई. पुन्यास्नं बाई आली, तिच्याम्होरं जरा फुगला. त्या पाखराची शीळ मपल्या आज्यालाबी वळखू आली नसती. तुमी ल्ह्या तुमच्या वहीत, पाखरानं फशिवलं म्हनून."

बाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी वही उघडली आणि पाखराच्या बाजूला काहीतरी लिहिलं. दोन वर्षांनी त्यांचा छापील लेख मला टपालाने आला. भृंगराजाच्या नकलेने एका अनुभवी दोरवाल्याची फसगत झाली, आणि माशीच्या जगात अशी फसगत घडत नाही, असं त्यात होतं. तो लेख मी कुणालाही दाखवला नाही.

जीपचा आवाज वळणाआड गेला.

"दाजी, मी..."

"हळू. आत ऐकू जातं."

त्यांनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्याबी ऐकली व्हती ती शीळ. चट झालं, तेबी ऐकलं. म्हनलं, नकल्या हाय. बुधा वळखतो, बुधा सोडायचा न्हाय. आन दोर सैल झाला." ते थांबले. सुजलेल्या ओठांनी बोलणं जड जात होतं. "किती सोडला व्हतास?"

"दोन हात."

"जास्त वाटला."

मी मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी टपटपत होतं आणि ते पुसायलासुद्धा लाज वाटत होती.

"घाटाखाली निरोप धाडलाय," दाजी म्हणाले. "येत न्हाय म्हनून."

"मी असं केलं म्हणून?"

"तुज्या भ्यानं न्हाय रं. ते दोन हात पडलो ना, तव्हा कळलं म्या कुनाच्या भरवशावर लटाकलो व्हतो. मला वाटायचं, तुज्या. तुजा काय संबंध? दोर तुज्या हातात असतो, पन धरलेला तुज्या बहिनीनं असतो. तिलाच म्या म्हनलं, ऱ्हात्यात बाया." "आईला म्या सांगीन काय सांगायचं ते. पुढल्या साली दोर तूच धरायचा."

"नको दाजी. दुसरा कुणी बघा. माझी लायकी नाही."

"दुसऱ्याचं मला काय ठावं? तू एकदा सोडून बगितलाय. आता न्हाय सोडायचास."

आक्का चहा घेऊन बाहेर आली. दाजींचा कप तिने त्यांच्याजवळ ठेवला आणि दुसरा माझ्यापुढे धरला. मी घ्यायला गेलो, पण हात इतके थरथरत होते की बशीत चहा सांडला. आक्काला वाटलं, हातांची सूज अजून उतरलेली नाही. "राहू दे, राहू दे," म्हणत ती माझ्याशेजारी बसली आणि तिने कप स्वतःच माझ्या तोंडाला लावला.